मालकबदल

"ताई, एवढंच सांगा, हा माणूस खोटं बोलतोय की नाही?" गिऱ्हाईक फोनवर ओरडलं. पाठोपाठ काहीतरी भिंतीवर आपटलं आणि कुणीतरी कळवळलं.

तिने हेडफोन उजव्या कानावर दाबला. तिचा एकच कान हेडफोनखाली असायचा. "साहेब, हात उचलू नका. मी सेट इथून तपासतेय."

गिऱ्हाइकाने जुना ॲम्प्लिफायर विकत घेतला होता. घरी जोडला तर दिवे लागले, आवाज मात्र नाही. मग विकणाऱ्याला बखोटीला धरून त्याने घरी आणलं, धाकट्या भावाला दाराशी उभं केलं आणि कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

सेटचा नंबर टाकताच तिच्यासमोर जुन्या मालकाचं नाव आणि पत्ता आला. तिने ते नीट वाचलं.

"काल माझ्या घरी वाजत होता हो! आईशप्पथ!" मागून घोगरा आवाज आला.

"ताई, खरं का?"

"तसं दिसत नाही, साहेब. आतला भाग आधीच जळलेला वाटतो. विकणाऱ्याला माहीत असणार."

धप्प. खुर्ची कोसळली. "मला चुना लावतोस? दात घशात घालीन!"

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण एकामागून एक फोन उरकत होती. "जुन्या मालकाचं नाव काढलं, काका. ते असेपर्यंत सेट मुकाच राहतो. आता येईल आवाज. लावा गाणी!" मग ती नेहमीसारखी वळसा घालून हिच्या उजव्या बाजूला आली. "एका बटणाचं तर काम. तुझं काय चऱ्हाट चाललंय?"

"इथे मारामारी चाललीय," ती माइक झाकून म्हणाली.

"अगं बाई! पोलिसांना कळवू?"

"नको. मी सांभाळते."

तिने माइकवरचा हात काढला. "साहेब, मागच्या स्क्रूवर ओरखडे आहेत का?"

"आहेत की!"

"मग कुणीतरी आत हात घातलाय."

सपकन आवाज आला. पुन्हा एकदा. स्पीकरची वायर, तिने ओळखलं. जाड, दुहेरी घडी घातलेली.

"अहो, मरेल तो," ती हळूच म्हणाली. "तोंडावर तरी मारू नका."

किंकाळी घुसमटली. मग बराच वेळ फक्त धापा ऐकू आल्या.

"ताई," गिऱ्हाइकाचा आवाज जरा गोंधळला होता, "तुमचा आवाज ऐकल्यापासून याचं डोकं फिरलंय. म्हणतो, ही माझी बायको आहे. 'बहिरे, बस कर, एकच कान गेला ना तुझा' असं बरळतोय. काय करू?"

'मालक बदला' या बटणावरून तिने माउस बाजूला घेतला.

"घाई नको, साहेब. आपण पुन्हा पहिल्यापासून तपासू या."