पास झालेला कप

पाचवा कपही नापास झाला आणि त्यातला गरम चहा साहेबांनी सिंकमध्ये ओतला.

बायको ओट्याशी उभी राहून बघत होती. सकाळपासून तिच्या पोटात चहाचा थेंब गेला नव्हता आणि डोकं ठणकत होतं. एक घोट तरी घेऊ द्या, असं ती तिसऱ्या कपाच्या वेळीच म्हणाली होती. प्रयोगातला चहा पीत नसतात, असं उत्तर मिळालं. का पीत नसतात, हे विचारायची सोय नव्हती. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जन्मभर लोकांच्या तराजूंवर शिक्के मारले. रिटायर झाल्यावर शिक्का खात्याकडे राहिला, हात तेवढा घरी आला, आणि तेव्हापासून तो हात रिकामा बसेना.

घरातला चहा कधी कपातून सांडतो तर कधी कप अर्धाच भरतो, याचा शोध त्यांना आता लागला होता. खापर फोडलं ते कपांवर. कपभर पाणी, पाव कप दूध, उकळून गाळून परत त्याच कपात ओतलं की चहा काठाच्या बोटभर खाली थांबला पाहिजे. थांबला तर कप पास. बायको म्हणाली, अहो, गॅस लवकर बंद केला की चहा जास्त उरतो, उशिरा केला की आटतो, त्यात कपाचा काय दोष? साहेबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने ते दगड ठेवून भाजी मोजणाऱ्याकडे पाहत असत.

तिचा स्वतःचा मोठा कप तर त्यांनी परीक्षेला बसूच दिला नव्हता. हा कप नव्हे, तपेलं आहे, असा शेरा मारून त्याची बदली बाथरूममध्ये केली. आता त्यात टूथब्रश उभे होते.

टेबलापाशी नणंद बसली होती. भावाचं कौतुक करायला ती खास आली होती आणि येताना स्वतःच्या घरून चहा पिऊन आली होती.

"दादाला लहानपणापासून सगळं मापात लागतं, वहिनी," ती म्हणाली. "तुम्हीच कधी मनावर घेतलं नाहीत."

सहाव्या कपाचा चहा उकळत असताना साहेब बहिणीला मापाचं महत्त्व समजावत होते. बोलण्याच्या नादात त्यांची ओट्याकडे पाठ झाली. बायकोने गॅस बंद केला. गाळल्यावर चहा काठाखाली बरोब्बर बोटभर थांबला. साहेबांना भरून आलं. नणंदेने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तो चहाही सिंकमध्ये ओतला, कारण दुसरी परीक्षा रिकाम्या कपाची होती. कपाच्या कानात तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत जायला हवी होती.

गेली. आनंदाच्या भरात थोडी पुढेच गेली. आणि परत येईना.

आधी साबण झाला, मग तेल झालं. मग नणंदेने कप धरला, बायकोने साहेबांना कमरेला धरलं आणि दोघींनी दोन दिशांना ओढलं. बोट वांग्यासारखं जांभळं झालं. कप जागचा हलला नाही. नणंदेने तेलाच्या बाटलीकडे बघून नाक मुरडलं आणि आमच्याकडे असलं पाणचट तेल आणत नाहीत, असं सांगितलं.

बायकोने खलबत्त्यातला बत्ता उचलला. साहेबांनी हात पाठीमागे लपवला.

"खबरदार," ते म्हणाले. "हा पास झालाय."

हात वर धरला की सूज उतरते, असं त्यांनी जाहीर केलं आणि लघवीला जाऊ का विचारणाऱ्या पोरासारखे हात वर करून ते टेबलापाशी बसले. कप डोक्यावर लटकत होता. सूज उतरली नाही, तोरा मात्र उतरत चालला. आधी ते मापावर बोलत होते. मग कपाच्या कारखानदारांवर घसरले. मग कण्हू लागले. नणंद वारा घालत होती, बोटाला.

बायकोने पातेलं चढवलं. पाणी अंदाजाने घेतलं, साखर मुठीने. पिशवीतलं उरलंसुरलं दूध त्यात रिकामं केलं आणि उकळीकडे बघत राहिली.

"फोड," शेवटी साहेब म्हणाले. "फोड एकदाचा."

"फोडते की. चहा होऊ दे."

चहा झाला. तिने खुर्ची ओढून साहेबांच्या शेजारी मांडली, त्यांचा वर गेलेला हात मनगटाला धरून खाली आणला आणि कप टेबलावर नीट बसवला. बत्ता बाजूला ठेवला. गाळणी नणंदेच्या हातात दिली.

"अगं, यात कशाला?" साहेब म्हणाले. "एवढे पाच कप पडलेत."

"ते नापास आहेत ना," ती म्हणाली. "नापास कपातून कसा पिऊ?"

तिने ओतला. मग कप उचलला. कपाबरोबर बोट उचललं गेलं, बोटाबरोबर हात, आणि साहेब खुर्चीतून अर्धे उठून तिच्याकडे कलले. तिने डोळे मिटून पहिला घोट घेतला. कुठेही घाई नव्हती. प्रत्येक घोटाला साहेबांचा खांदा पुढे येत होता आणि मागे जात होता. नणंद गाळणी धरून तशीच उभी होती. गाळणीतून थेंब थेंब तिच्या साडीवर पडत होता.

"झाला?" साहेबांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

तिने कपात डोकावून पाहिलं. तळ दिसत होता. बत्ता हाताशीच होता. तिने हात लांब केला आणि त्याच्या पलीकडचं पातेलं जवळ ओढलं.

"झाला. पण माप लहान पडतंय हो," ती म्हणाली. "अजून एक घेते."