तासभराचं घोंगडं

सोलापुरात सात रस्त्याला संगमेशचा फोटो स्टुडिओ आहे, पण रविवारी तो आमच्या माळावर पक्ष्यांचे फोटो काढायला येतो. यंदा उन्हाळ्यात त्यानं मला विचारलं, "बिरप्पामामा, पैसे एकापुरतेच हायत. नवा कॅमेरा घेऊ, की लांबचं जवळ दाखवणारी लेन्स?"

"लेन्स घे की. लांबनं काढलास तर पाखरू बुजणार न्हाय," मी म्हणालो.

"मामा, तुमी आपली मेंढरं राखा," असं म्हणून तो हसला आणि नवा कॅमेरा घेऊन आला.

पावसाळ्यात माळढोकाच्या मादीनं गवतात अंडं घातलं. एकच घालते ती. संगमेशच्या जुन्या लेन्समधून ती तिळाएवढी दिसायची. मला आणि माझ्या मेंढरांना मात्र ती भीत नव्हती. आम्ही दहा पावलांवरून गेलो तरी नुसती मान वळवून बसून राहायची.

"मामा, तुमचं घोंगडं द्या की तासभर," संगमेश म्हणाला. मी नाही म्हणायला हवं होतं.

घोंगडं पांघरून तो मेंढरांमधून वाकत वाकत गेला, अगदी जवळ पोचला आणि कॅमेरा घेऊन एकदम उभा राहिला. फोटो असा आला की पिसं मोजून घ्यावीत. मादी उडाली ती अंड्याकडे परतलीच नाही. अंडं कावळ्यांनी फोडलं.



काल ती मला माळावर पुन्हा दिसली, आणि लांबूनच माझं घोंगडं बघून उडून गेली.