रोपं लावायची तारीख

"आत्ता लावतेस?" मेसी कुंपणाशी थबकली. जूनची सतरा तारीख होती आणि शेजारची बेला ब्रसेल्स स्प्राउटची, म्हणजे चिमुकल्या कोबीची, रोपं टाचेने दाबून बसवत होती. "फुकट जातील गं. गड्डे धरायच्या आत थंडी गाठेल."

"दरवर्षी याच सुमाराला लावते की." बेलाने मानही वर केली नाही. "नाताळात माझ्याकडे दोनदा मागून घेतलेस, ते काय आकाशातून पडले होते? आणि तारीख तुझ्याच नवऱ्याने सांगितलेली. म्हणाला, ऑर्कनी बेटांवर जूनच्या मध्यापर्यंत काही घाई नाही."

मेसी घराकडे वळली.

पंचवीस मे रोजी अ‍ॅबर्डीनमध्ये इंगाचं लग्न झालं होतं. मेसीची आणि तिच्या नवऱ्याची, थॉरफिनची, एकुलती एक मुलगी. सहा वर्षांपूर्वी बापाशी भांडून बेटावरून गेली ती गेलीच. मेसी एकटी लग्नाला निघाली होती. थॉरफिनने कॅलेंडरवर बोट ठेवलं. "या आठवड्यात रोपं जमिनीत गेली नाहीत, तर वर्ष गेलं. माझी कंबर ही अशी. चारशे रोपं मी एकट्याने लावू?"

मेसी राहिली. मुलगी चर्चमध्ये शिरत होती तेव्हा ती वाफ्यात गुडघे टेकून खड्डे करत होती. संध्याकाळी मेसीनेच इंगाला फोन केला. "रोपं?" इंगा म्हणाली. "आई, रोपं?" मग फोन बंद झाला. त्यानंतर तिने एकदाही उचलला नाही.

मेसी घरात आली. थॉरफिन चुलीपाशी मोजे वाळत घालत होता.

"जूनमध्ये लावली तरी येतात?"

तो तिच्याकडे वळला. बेला कुंपणापलीकडे काय करते आहे, ते खिडकीतून दिसत होतं. त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही.

"येतात," तो म्हणाला. मग बराच वेळ हातातला मोजा नुसताच पिळत राहिला. "तू इंगाकडे गेली असतीस, तर परत आली नसतीस, मेसी. मला भीती वाटली."

मेसीने खुंटीवरचा कोट काढला, बटणं लावली आणि पर्स उचलली.

"आले असते," ती म्हणाली. "आता नाही येणार."