वाढलेल्या बांगड्या

"तुमच्या गाण्यातला सात नंबरचा किणकिणता आवाज टेपमधला दोष वाटतो. काढून टाकू?" नादघर यंत्राने विचारलं.

"खबरदार!" कुमुदिनीबाई कडाडल्या. पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या 'कातळ' बँडची रेकॉर्ड गाजली होती. आता कुठल्याही जुन्या गिटारीचा आवाज घरबसल्या जसाच्या तसा उभा करणारं हे यंत्र घरोघरी पोचलं होतं आणि कातळची गिटार जो तो वाजवत होता. फक्त त्या किणकिणीवाचून. "दोष नाही तो, माझा चुडा आहे. लग्नाला जेमतेम आठवडा झालेला, काढणार कशी? हातात बारा हिरव्या बांगड्या होत्या. मधल्या सोलोत त्यातल्या दोन वाढल्या, तो आवाज आहे."

"समजलं," यंत्र म्हणालं आणि त्याने चौदा बांगड्या वाजवून दाखवल्या.

सून मैथिली खो खो हसत सुटली. "अरे शहाण्या, बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही. वाढली म्हणतो!"

यंत्राने मग फुटण्याचा आवाज घातला, तो लोणच्याची बरणी फुटल्यासारखा आला. कुमुदिनीबाईंनी गिटार मांडीवर ओढली.

"तू नुसतं ऐक आता. मैथिली, तुझ्या हिरव्या बांगड्या आण."

मैथिलीचं हसू थांबलं. यजमान गेल्यापासून, गेली नऊ वर्षं, सासूबाईंच्या मनगटावर काच चढली नव्हती. "आई... हिरव्या?"

"विधवा मी झाले, माझी गिटार नव्हे," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.