दोन चिमटी

"दिवसाला तीन ग्रॅम मीठ, वर कणभरही नाही," असं डॉक्टरांनी सासऱ्यांना बजावलं आणि ते ग्रॅम माझ्या गळ्यात पडले. काट्यावर तोललं तेव्हा सपाट अर्धा चमचा भरला. तेव्हापासून ऑफिसातून दमून यायचं, चमच्यावरचं जास्तीचं मीठ सुरीने सारखं करायचं आणि सासऱ्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात शिजवायची. एवढं करूनही ब्लड प्रेशर जागचं हललं नाही. डॉक्टरांनी माझ्याकडेच रोखून बघत विचारलं, "घरी मीठ मोजतं कोण?"

घरी आल्यावर मी सासऱ्यांच्या पातेल्यातली भाजी चाखून बघितली. आमच्या भाजीपेक्षा चवदार होती.

"मी आपली चिमूटभर घालते गं," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "अळणी घास गिळताना त्यांचं तोंड बघवत नाही."

"मी पण चिमूटच," नवरा पुटपुटला. आईचं त्याला ठाऊक नव्हतं, त्याचं आईला.

दोघांनाही मी काट्यावर चिमूट सोडायला लावली. दोन चिमटी मिळून माझ्या एका वेळच्या मापापेक्षा जास्त भरल्या. मी हात जोडले. "आजपासून त्या पातेल्याला कुणी हात लावायचा नाही."

जेवताना सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. आधी सासूबाईंकडे बघितलं, मग मुलाकडे.



"काय रे, आज दोघंही एकदम रुसलात का माझ्यावर?"