गौरीच्या गोळ्या

"यंदा लिहून देणार नाही," डॉक्टरीणबाईंनी दंडाचा पट्टा सोडवत सांगितलं. "अकरा वर्षं गौरी आल्या की पाळी पुढे ढकलताय. बी.पी. बघा कुठे गेलंय! या गोळ्या म्हणजे संततिनियमनाच्या गोळ्यांची सख्खी बहीण. पेपरमिंट नव्हे."

श्यामलाने मान डोलावली आणि पायऱ्या उतरून थेट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. तिथला दुकानदार चिठ्ठी मागत नसे.

गोळ्या सुरू झाल्या की तिची पावलं सुजत, छाती दगडासारखी होई, अर्धं डोकं ठणके. नवऱ्याने, श्रीनिवासने, नुसतं "चहा?" विचारलं तरी डोळ्यांत पाणी. पण सदाशिव पेठेतल्या या घरात गौरींना एकदाही तिची अडचण आली नव्हती. लग्नाच्या वर्षी सासूबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "तुझी तारीख कधीची गं?" शहाण्या सुनेला तेवढं पुरे.

आणि धाकटी जाऊ? सुरुची सॉफ्टवेअरमधली. वाघोलीहून जीन्समध्ये यायची, दहा मिनिटांत पैठणी नेसून बाहेर. ना सूज, ना कपाळाला बाम. चेहरा असा, की बायका गौरींआधी हिच्याकडे बघत.

"कुठली गोळी घेतेस गं?" श्यामलाने एकदा विचारलं होतं.

"मला नाही हं सोसत गोळ्या, वहिनी," सुरुची हसली होती.

खोटारडी. श्यामला बँकेत होती. ताळा जमल्याशिवाय तिला झोप येत नसे. सुरुची फोनवर "आज पोट दुखतंय" म्हणाली की कॅलेंडरवर पेन्सिलीचा एक टिंब पडे. आणि यंदाचं टिंब बरोबर गौरीपूजनावर येत होतं.

यंदाच नेमकं सगळं ठरायचं होतं. सासूबाईंचे, यमुनाबाईंचे, गुडघे गेले होते. विसर्जनानंतर गौरींचे मुखवटे एका सुनेच्या स्वाधीन करणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षीपासून गौरी तिच्या घरी. मान थोरलीचा, पण अलीकडे सासूबाईंच्या तोंडी सारखं 'आमची सुरुची'.

पूजनाच्या दिवशी सुरुची पूजेला बसली. आत सोळा भाज्या चिरताना श्यामलाचं डोकं फुटायला आलं. बाम शोधायला तिने पलंगावरची सुरुचीची पर्स उघडली. बाम नव्हता. पॅडचं पाकीट होतं. फोडलेलं, दोन कमी.

डोकेदुखी पळाली.

यमुनाबाई ओट्याशी स्टुलावर बसून पोळ्या भाजत होत्या. श्यामला त्यांच्या कानाशी वाकली. "आई, बोलू नये, पण गौरींचा प्रश्न आहे. सुरुचीला आजच अडचण आलीय. आणि ती तिथे पूजेला बसलीय."

"माहीत आहे." यमुनाबाईंनी पोळी उलटली. "सकाळीच म्हणाली. लग्न झाल्यापासून सांगते ती मला."

"आणि तुम्ही...?"

"बस म्हटलं. मीसुद्धा बसत आलेय. गौरी काय पुरुष आहेत?" त्यांनी तूप सोडलं. "मुखवटे तिलाच देतेय, बरं का. वाईट वाटून घेऊ नकोस. दरवर्षी तुझे ते पाय, ते डोकं, बघवत नाही गं मला."

"आई, त्या गोळ्या मी तुमच्यासाठी घेत होते."

यमुनाबाईंनी गॅस बंद केला.

"माझ्यासाठी? अगं, मी अकरा वर्षं गप्प बसले, म्हटलं तुझ्या माहेरचं सोवळं कडक असेल!"