बाराच्या आत

“तुम्ही येऊ नका,” बुटाची नाडी आवळत टपालबाई म्हणाल्या.

“मी येणार,” मास्तर म्हणाले आणि मफलर गुंडाळून दारात उभे राहिले. सकाळचे साडेपाच वाजले होते.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. नोकरी सुटली, पोट सुटलं, हुकूम सोडायची सवय मात्र सुटली नाही. टपालबाई अजून कामावर होत्या. पंचवीस वर्षं घरोघर टपाल वाटून त्यांच्या पायांना बसणं माहीत नव्हतं.

सहा महिने घरात एकच वाद धुमसत होता. गिर्यारोहण संस्थेची मोठी मोहीम निघणार होती, बर्फातल्या शिखरावर, तीन आठवड्यांची. टपालबाईंनी आणि त्यांच्या तिघी मैत्रिणींनी नावं दिली होती. आज जवळच्या डोंगरावर सराव, आणि त्यातच संस्थेची चाचणी. नापास झालं की नाव कटलं. शिवाय पंचावन्न पूर्ण झालेल्यांना संस्था घेत नव्हती, आणि टपालबाईंचे दोनच महिने उरले होते. आज नाही तर कधीच नाही.

“या वयात डोंगर! लोक तोंडात शेण घालतील,” जिना उतरताना मास्तर म्हणाले.

“घालू देत. मी परवानगी मागत नाहीये, सांगतेय. आणि आलात तर मध्येच परत फिरायचं नाही.”

“बघतोच कशी पास होतेस!”

पायथ्याशी संस्थेचे साहेब घडीच्या खुर्चीवर वही आणि थर्मास घेऊन बसले होते. “बारा वाजता वही मिटणार,” एवढंच ते म्हणाले. मास्तरांनी ते नीट ध्यानात ठेवलं.

चढण सुरू झाली. सगळ्यांत पुढे ड्रायव्हरबाई. त्या शहरात बस चालवायच्या आणि कुणाच्या बापाला रस्ता सोडायच्या नाहीत. त्यांच्यामागे इस्पितळातल्या सिस्टर, मग शिंपीणबाई, पाठीवर सगळ्यांत फुगलेली सॅक घेऊन. मग मास्तर. टपालबाई शेवटी.

“मास्तर, वजन किती हो तुमचं?” चालता चालता सिस्टरनी विचारलं.

“ब्याऐंशी. त्यातलं निम्मं स्नायूंचं.”

“आणि निम्मं हुकुमांचं,” ड्रायव्हरबाई म्हणाल्या. चौघी खळखळून हसल्या. मास्तरांना ते झोंबलं.

दहाच्या सुमाराला सगळे खिंडीत पोचले. माथा समोर दिसत होता, फार तर पाऊण तासाची चढण. मास्तरांच्या छातीचा भाता झाला होता आणि चौघींपैकी एकीलाही धाप लागलेली नव्हती. या पोचणार, हे मास्तरांना कळलं. तीन आठवडे रिकामं घर. आणि परत येणार ती शिखर बघून आलेली बाई. तिला मग कोण काय सांगणार? त्यांना भीती वाटत होती. पण भीती वाटते म्हणण्यापेक्षा त्यांनी जुनं हत्यार बाहेर काढलं. मेहुणीच्या लग्नात कंबर धरली होती, बायकोच्या सत्काराला डोकं दुखलं होतं. एकदाही फुकट गेलं नव्हतं.

“आई गं! पाय मुरगळला!” ते धपकन खाली बसले.

सिस्टरनी घोटा दाबून पाहिला. “सूज तर दिसत नाही.”

“आतून आहे. पाऊल टेकवत नाही. तुम्ही जा वर, मी मरतो इथंच.”

“ठेवू या यांना इथंच, येताना उचलू,” ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

टपालबाईंनी एकदा माथ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “नको. खाली न्यायचं.”

मास्तरांनी कण्हता कण्हता हळूच समाधानाचा सुस्कारा सोडला.

शिंपीणबाईंनी शिट्टी काढून तीनदा फुंकली. “खाली कळायला हवं ना,” त्या म्हणाल्या. मग त्यांच्या सॅकमधून जाड कापडाची झोळी निघाली, चारही कोपऱ्यांना पट्टे शिवलेली. मास्तरांना तिच्यात आडवं करून चौघी चार कोपऱ्यांना लागल्या.

मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. “डावीकडे! अहो, आपटाल मला! माझी तिसरीतली पोरं याहून बरी चालायची!” ते मुद्दाम अंग जड सोडत, मध्येच कुशीवर वळत, पाणी मागत, पाणी गार नाही म्हणत. घसरणीच्या जागी चौघी बसून बसून उतरल्या. टपालबाईंच्या तळहाताची साल निघाली.

“थांबायचं का?” सिस्टरनी विचारलं.

“हात तुटला तरी नाही.”

बायकोच्या हातावरचं रक्त मास्तरांनी पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. पुढचा दगड पाठीला लागेपर्यंत वाटलं.

पावणेबाराला पायथा आला. चौघींनी झोळी खाली टेकवली आणि तिथंच बसकण मारली. आता मन मोठं करायला हरकत नाही, असं मास्तरांना वाटलं.

“जाऊ दे गं,” ते म्हणाले. “आता उन्हाचं परत कुठे चढायचं? तुझ्या नशिबातच नव्हतं म्हणायचं.”

साहेब खुर्चीवरून उठून आले आणि त्यांनी घड्याळ बंद केलं.

“शिट्टीपासून एक तास चाळीस मिनिटं. जखमी माणूस खिंडीतून खाली, बाराच्या आत. चौघी पास.” त्यांनी वहीत सही केली आणि झोळीत वाकून पाहिलं. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं होतं. “दुखापत खरी नाही ना?”

“छे, पाय ठणठणीत आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“बाकीच्या तुकड्या वाळूचं पोतं बांधून आणतात हो. मला वाटलं, हे गृहस्थ नुसते सोबतीला आलेत.”

“पोत्यावर आम्हीही महिनाभर सराव केला, साहेब,” सोललेल्या तळहातावर फुंकर घालत टपालबाई म्हणाल्या. “पण पोतं कटकट करत नाही. म्हणून ‘येऊ नका’ म्हणत आज यांना आणलं.”